टोल-सदृश ग्राही आणि मूत्रपिंडदाह
टोल-सदृश ग्राही (टीएलआर) : जंतूंच्या ठरावीक घटकांची चाहूल घेऊन प्रतिकारयंत्रणा जागी करणारी प्रथिने. माणसात त्यांचे 10 प्रकार आहेत. ‘टोल’ हे जनुक मुळात फळमाशीतले. बुरशीपासून माशीचा बचाव त्याच्यामुळे होतो, हे झ्यूल हॉफमन यांच्या स्ट्रासबर्गच्या प्रयोगशाळेने 1996 मध्ये दाखवले. जिवाणूंच्या आवरणातील लायपोपॉलिसॅकराइडला (एलपीएस) दाद न देणाऱ्या उंदरांत टीएलआर-4 चे जनुक बिघडलेले असते, हे ब्रूस ब्युटलर यांनी 1998 मध्ये उघड केले. 2011 च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये दोघेही वाटेकरी होते.

हे ग्राही पांढऱ्या पेशींप्रमाणे मूत्रपिंडातील नलिकांच्या अस्तरातही असतात. मूत्राशयातून वर चढलेल्या ई. कोलायचे एलपीएस टीएलआर-4 ला जाणवले, की एमवायडी-88 या प्रथिनामार्फत संदेश पुढे जातो, एनएफ-कप्पा-बी हे जनुके चालू करणारे प्रथिन केंद्रकात शिरते आणि पेशी सायटोकाइने (दाहाचे संदेश देणारी प्रथिने) सोडू लागते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. टीएलआर-4 निकामी असलेल्या उंदरांत दाह जेमतेम होतो. जिवाणू मात्र ठाण मांडून बसतात. इथे दाह हवाच.

प्रत्यारोपणात तोच ग्राही अंगावर उलटतो. दात्याचे मूत्रपिंड काढून बर्फात ठेवतात, तेवढा वेळ रक्तपुरवठा बंद असतो. तो पुन्हा सुरू झाला की नलिकांच्या पेशी मरतात आणि त्यांच्या केंद्रकातले एचएमजीबी-1 हे प्रथिन बाहेर सांडते. जंतूचा मागमूस नसतानाही टीएलआर-4 त्याला प्रतिसाद देतो. ज्या दात्यांत या ग्राहीचे दुबळे रूप होते, त्यांची मूत्रपिंडे प्रत्यारोपणानंतर लगेच काम करू लागण्याचे प्रमाण जास्त होते, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. फरक दात्याच्या जनुकाने पडला, ही त्यातली खरी लक्षणीय गोष्ट.

ल्युपस या स्वतःच्याच शरीरावर प्रतिकारयंत्रणा उलटणाऱ्या आजारातील मूत्रपिंडदाहात पेशीच्या आतले ग्राही गुंततात : आरएनए ओळखणारा टीएलआर-7 आणि डीएनए ओळखणारा टीएलआर-9. दोघे सख्खे वाटले तरी ल्युपसग्रस्त उंदरांत टीएलआर-7 काढला तर आजार सौम्य होतो, टीएलआर-9 काढला तर बळावतो. टीएलआर-7 चे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि स्त्रियांच्या काही प्रतिकारपेशींत त्याच्या दोन्ही प्रती चालू राहतात. ल्युपस स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो, त्यामागचे हे एक संभाव्य कारण.

उपचारांत यश तुटपुंजे आहे. टीएलआर-4 अडवणारे एरिटोरॅन सेप्सिसच्या मोठ्या चाचणीत मृत्यू घटवू शकले नाही. उलट, मलेरियासाठी वापरात आलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पेशीच्या आतल्या ग्राहींना आवर घालते आणि ल्युपसच्या बहुतेक रुग्णांना आजही दिले जाते.