पॉवर बँक हातातल्या बॅगेतच का? एका नियमाचा इतिहास

१/ विमानतळावर बॅग जमा करताना हमखास विचारले जाते, 'आत पॉवर बँक आहे का?' असल्यास ती काढून स्वतःजवळ ठेवावी लागते. जी वस्तू पेट घेऊ शकते, ती प्रवाशांच्याच शेजारी का? वरवर उफराट्या वाटणाऱ्या या नियमाला पाव शतकाचा इतिहास आहे.

२/ १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. छोट्या आकारात भरपूर ऊर्जा हे तिचे सामर्थ्य. मात्र तिच्यातील द्रव ज्वलनशील असतो. आत शॉर्टसर्किट झाले की उष्णता वाढते, उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेते आणि ती क्रिया आणखी उष्णता निर्माण करते. एका सेलची धग शेजारच्या सेलला पेटवते. या साखळीला 'थर्मल रनअवे' म्हणतात.

३/ धोक्याची पहिली मोठी सूचना २८ एप्रिल १९९९ रोजी लॉस एंजेलिस विमानतळावर मिळाली. ओसाकाहून आलेल्या प्रवासी विमानातून उतरवलेल्या, पुन्हा चार्ज न होणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला. विझवलेली आग पुन्हा भडकत राहिली. तीच आग काही तास आधी, आकाशात लागली असती तर? २००४ मध्ये अमेरिकेने अशा बॅटऱ्यांची प्रवासी विमानांतून होणारी मालवाहतूक थांबवली.

४/ विमानाच्या पोटातील सामानकक्षात आग विझवण्यासाठी हॅलॉन वायू वापरतात. तो ज्वाळा दाबतो. पण तापलेल्या बॅटरीला थंड करत नाही, त्यामुळे साखळी आतल्या आत चालूच राहते. ती तोडण्यासाठी पाणी हवे आणि ते ओतणारे माणूसही. म्हणूनच १ जानेवारी २००८ पासून अमेरिकेने सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवण्यास मनाई केली.

५/ मालवाहू विमानांत मात्र त्या जातच राहिल्या. ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएसचे बोइंग ७४७ दुबईहून कोलोनकडे निघाले. मालात ८१ हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर सुमारे २२ मिनिटांनी आगीचा इशारा वाजला.

६/ काही मिनिटांतच कॉकपिट धुराने भरले. कॅप्टनचा प्राणवायूचा पुरवठा बंद पडला. ते आसन सोडून उठले, ते परतले नाहीत. सहवैमानिकाला समोरची उपकरणेही दिसेनात. आसपासच्या विमानांतील वैमानिक त्याचे निरोप नियंत्रकांपर्यंत पोहोचवत होते. सुमारे अर्ध्या तासात विमान दुबईजवळ कोसळले. दोघेही मृत्युमुखी पडले. आग बॅटऱ्या असलेल्या मालातच लागल्याचा निष्कर्ष तपासाअंती निघाला.

७/ पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०११ रोजी, आशियाना कंपनीचे मालवाहू विमान आगीनंतर जेजू बेटाजवळ समुद्रात कोसळले. त्यातही दोन वैमानिक गेले. मालात लिथियम बॅटऱ्यांबरोबर ज्वलनशील द्रवही होते, त्यामुळे नेमके कारण सिद्ध झाले नाही. अखेर १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्यांची मालवाहतूक जगभर बंद झाली.

८/ मग केबिन तरी सुरक्षित? २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिमहे विमानतळावर एअर बुसानच्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यात आग लागली. विमान अजून जमिनीवर होते, म्हणून १७६ जण वाचले. छत मात्र जळून गेले. कारण बहुधा एक पॉवर बँक. १ मार्चपासून कोरियाने पॉवर बँक त्या कप्प्यात ठेवण्यासही मनाई केली. ती अंगाशी किंवा समोरच्या खिशात हवी.

९/ या साऱ्या नियमांचे सूत्र एकच आहे. बॅटरी पेटणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. ती पेटलीच तर पहिला धूर कोणाच्या तरी नजरेस पडला पाहिजे आणि पाणी घेऊन कोणाला तरी तिथवर पोहोचता आले पाहिजे.

१०/ म्हणून एक लक्षात ठेवा. विमानात चढताना जागा संपली आणि हातातली बॅग खाली सामानकक्षात पाठवण्याची वेळ आली, तर घाईतही पॉवर बँक आधी बाहेर काढा. नेमक्या त्याच क्षणी हा सगळा इतिहास विसरला जातो.