सौंदर्यशस्त्रक्रियेत रुग्णाची ऊब राखणे

भूल दिलेल्या रुग्णाच्या शरीरगाभ्याचे तापमान 36° से.खाली जाऊ नये म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी, ती चालू असताना व नंतर योजलेले उपाय. चरबीशोषण (लायपोसक्शन), पोट आवळण्याची शस्त्रक्रिया (टमी टक), बरेच वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी काढणे अशा तासन्‌तास चालणाऱ्या शस्त्रक्रियांत त्यांना विशेष महत्त्व असते. येथे रुग्ण बहुधा धडधाकट असतो आणि शस्त्रक्रिया त्याने स्वतः निवडलेली असते. त्यामुळे टाळता येण्याजोगा गारठा खपवून घेण्याचे काहीच कारण उरत नाही.

कारणे : जागेपणी तापमान काही दशांश अंशांनी ढळले, तरी शरीर ते सावरू लागते. संपूर्ण भुलेत ही मोकळीक 2 ते 4 अंशांपर्यंत वाढते. रक्तवाहिन्या सैलावून गाभ्यातील उष्णता हातापायांकडे पसरते व पहिल्या तासातच तापमान 1 ते 1.5 अंशाने उतरते. ही उष्णता शरीरातच राहिलेली असल्याने नंतर कितीही पांघरले तरी ही घसरण लगेच भरून निघत नाही. म्हणून भुलेपूर्वीच हातपाय ऊबदार करणे हा सर्वांत मोलाचा उपाय. घाईच्या दिवशी नेमका तोच गाळला जातो.

चरबीशोषण : जेफ्री क्लाइन या कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञाने 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत सलाइन, लिग्नोकेन व ॲड्रिनलिन यांचे पातळ मिश्रण त्वचेखाली भरतात. ते कित्येक लिटर लागू शकते. थंड भरल्यास ते तापवण्याचा भार शरीरावरच पडतो. (शिरेतून दिलेले खोलीच्या तापमानाचे एक लिटर सलाइनही प्रौढाचे सरासरी तापमान सुमारे 0.25 अंशाने उतरवते.) कंबर, पाठ, मांड्या अशा चहूबाजूंनी आयोडिनचा हात फिरवावा लागत असल्याने पांघरुणाला जागा उरत नाही. रुग्णाला पालथे करीपर्यंत खालची चादर गळलेल्या द्रवाने चिंब झालेली असते. ती त्याच वेळी बदलावी, अंग कोरडे करावे आणि गरम हवेचे पांघरूण मोकळ्या भागावर सरकवावे.

साधने : गरम हवा खेळवणारी कागदी पांघरुणे सर्वाधिक प्रचलित आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या 2008 च्या मार्गदर्शिकेनुसार तापमान दर अर्ध्या तासाने मोजावे, 500 मिलि. वा अधिक शिरेतील द्रव 37° से.पर्यंत तापवून द्यावा आणि रुग्णाचे अंग उघडे असेपर्यंत खोली किमान 21° से. ठेवावी. तापवलेल्या सलाइनच्या बाटल्या वा पिशव्या अंगाशी ठेवू नयेत. अमेरिकेतील नुकसानभरपाईच्या दाव्यांच्या 1994 मधील पाहणीत ऊब देण्याच्या साधनांनी भाजल्याची निम्म्याहून अधिक प्रकरणे त्यांचीच होती. भुलेत रुग्ण ‘चटका बसतोय’ असे सांगू शकत नाही.

परिणाम : 1996 च्या एका चाचणीत मोठ्या आतड्याच्या 200 रुग्णांपैकी गार पडलेल्यांत जखमेचा जंतुसंसर्ग 19 टक्के, तर ऊबदार राखलेल्यांत 6 टक्के आढळला. मुख्यतः चीनमध्ये झालेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच हजारांवर रुग्णांच्या चाचणीत मात्र 35.5° व 37° से. या दोन लक्ष्यांमध्ये गंभीर गुंतागुंतीच्या बाबतीत फरक दिसला नाही. दोन्ही चाचण्या सौंदर्यशस्त्रक्रियेवरील नव्हेत, त्यामुळे त्यांचे आकडे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. गाभ्याचे तापमान 35.5° से.हून खाली गेल्यास रक्त साकळण्याची क्रिया मंदावते, असे सामान्यतः मानतात.

शस्त्रक्रियेनंतर : कापरे भरल्यास ऊब व प्राणवायू देतात, भारतात ट्रॅमाडॉलही वापरतात.