चिलखती गाडी व तिची प्रतिकृति

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, बखरी, शकावल्या आणि जुन्या पत्रव्यवहाराचीं दप्तरें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून अस्सल कागदाची प्रतिष्ठा महाराष्ट्रांत वाढत गेली, आणि तें योग्यच झालें. परंतु कागदांत बहुधा माणसांचे हेतु, हुकूम आणि तक्रारी सांपडतात. रस्ता किती रुंद होता, पूल किती ओझें पेलत होता, पाणी छावणीपासून किती लांब होतें, या गोष्टी त्यांत क्वचित् येतात. आल्या तरी वाचणाराच्या मनांत त्यांचें चित्र उमटत नाहीं. तें उमटविणारें एक साधन मुलांचा खेळ म्हणून आपण आजवर बाजूस ठेविलें आहे. मापानें केलेली लहान प्रतिकृति हें तें साधन होय. पोलिसांच्या चिलखती गाडीची रेझिनची प्रतिकृति करणें हा उद्योग वरवर पाहतां रिकामटेकडेपणाचा वाटेल. पण त्यांतून आपल्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाविषयीं जे प्रश्न उठतात ते पोरकट नाहींत, हें दाखविण्याचा आमचा विचार आहे.

प्रतिकृतीची आवड आपल्याकडे नवी नाहीं. दिवाळींत अंगणांत दगडमातीचा किल्ला रचण्याची चाल महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहे. मात्र त्या किल्ल्यावरील मावळा बुरुजाहून उंच असतो आणि शिलेदाराचा घोडा महादरवाजांत शिरूं शकत नाहीं. मुलांस त्याचें कांहीं वाटत नाहीं, व वाटूंहि नये. पण इतिहासाच्या अभ्यासकास तें चालणार नाहीं. जत तालुक्यांतील उमराणीचें उदाहरण घ्या. १६७३ च्या एप्रिल महिन्यांत तेथें प्रतापराव गुजरानें बहलोलखानास जेरीस आणलें, तें तरवारीपेक्षां पाण्याच्या कोंडीनें. खानाचें सैन्य आणि पाणी यांच्यामध्यें मराठ्यांनीं ठाण मांडलें. ऐन उन्हाळ्यांत तहानेनें व्याकुळ झालेल्या खानानें सुटका मागितली आणि प्रतापरावानें ती दिली. या औदार्याबद्दल महाराजांनीं त्यास दोष दिला, आणि पुढील वर्षीं फेब्रुवारींत नेसरी येथें त्याचा अंत झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. जतचा दुष्काळी माळ ज्यानें पाहिला आहे त्यास या लढाईचें मर्म सांगावें लागत नाहीं. ज्यानें पाहिला नाहीं त्यास दहा पानांच्या वर्णनापेक्षां मापानें केलेला त्या भूमीचा नमुना अधिक शिकवील.

आतां प्रस्तुत विषयाकडे वळूं. ‘चिलखत’ हा आपल्या भाषेंत योद्ध्याच्या अंगावरचा शब्द. बंदुकीची गोळी प्रबळ झाली तसें तें अंगावरून उतरलें. आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारगाडी आली तेव्हां तेंच पोलादी पत्र्याच्या रूपानें गाडीवर चढलें. पहिल्या महायुद्धांत रोल्स-रॉइस मोटारींवर असे पत्रे व फिरता बुरूज बसवून केलेल्या गाड्या प्रसिद्धीस आल्या. अशी गाडी सुमारे ४.९ मीटर लांब व १.९ मीटर रुंद असे. प्रतिकृति करणारे बहुधा १:३५ हें प्रमाण घेतात. हें प्रमाण कोणा शास्त्रज्ञानें ठरविलेलें नव्हे. जपानांतील टामिया कंपनीनें १९६१ च्या सुमारास पँथर रणगाड्याची खेळण्यांतली प्रतिकृति केली, तेव्हां तिच्या पोटांत विजेचे घट मावावे एवढ्या बेतानें तें ठरलें, आणि मग तोच पायंडा पडला. या प्रमाणांत ती रोल्स-रॉइस १४ सेंटिमीटर लांब व साडेपांच सेंटिमीटर रुंद होते, आणि तिच्याशेजारीं उभा केलेला माणूस पांच सेंटिमीटर उंच होतो.

अशा गाड्या रेझिनमध्यें, म्हणजे कृत्रिम राळेंत, करण्यास कारण आहे. प्लास्टिकचे सुटे भाग कारखान्यांत पोलादी साच्यांतून काढतात. तो साचा फार महाग, म्हणून हजारों नग खपतील अशाच वाहनांसाठीं तो परवडतो. विख्यात रणगाड्यांस एवढें गिऱ्हाईक मिळतें. पोलिसांच्या गाडीस सहसा मिळत नाहीं. तेथें लहान कारागीर पुढें येतो. तो मूळ नमुना घडवितो, त्यावर सिलिकोन रबर ओतून साचा घेतो आणि त्यांत दोन द्रव मिसळून केलेलें रेझिन ओततो. मूर्तिकारांचा रबरी साचा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ही रीत परकी वाटणार नाहीं. कांहीं डझन नग निघाले कीं रबर फाटूं लागतें आणि साचा टाकावा लागतो. इतिहासलेखनाचीहि बरीचशी हीच तऱ्हा आहे. रणांगणावरील पराक्रमास पोलादी साचा मिळतो. गल्लींतल्या बंदोबस्तास मिळाला तर रबरी.

हातीं आलेले भाग आयते जुळत नाहींत. त्यांवर साच्याचें तेलकट आवरण असतें. तें साबणाच्या पाण्यानें धुतल्याशिवाय रंग धरत नाहीं. ओततांना राहिलेला ठोकळा बारीक करवतीनें कापावा, वांकलेला पातळ भाग गरम पाण्यांत मऊ करून सरळ करावा, बुडबुड्यांचीं भोंकें पुटीनें बुजवावीं. प्लास्टिक विरघळवून जोडणारा नेहमींचा डिंक येथें निरुपयोगी. सायनोॲक्रिलेट किंवा इपॉक्सी वापरावें लागतें. घासतांना उडणारी पूड फुप्फुसांस अपायकारक असते, म्हणून भाग ओला ठेवून घासावा व नाकातोंडावर मास्क बांधावा. हें सर्व झाल्यावर एक अडचण उरते, व ती उद्बोधक आहे. रायफलीची गोळी अडविणारा सात-आठ मिलिमीटरांचा पोलादी पत्रा १:३५ या प्रमाणांत पाव मिलिमीटराहूनहि पातळ होतो. इतकें पातळ रेझिन ओततां येत नाहीं. म्हणून कारागीर दाराची दिसणारी कड तेवढी तासून पातळ करतो आणि आंतील जाडी तशीच झांकून ठेवतो. गोळी आणि माणूस यांच्यामध्यें किती थोडें अंतर असतें, हें ती कड तासतांना हातास समजतें.

इंग्रजी अमलांत रस्त्यावर उतरणारें चिलखत पोलिसांचें नव्हतें, सैन्याचें होतें. मुलकी अधिकाऱ्यांच्या मदतीस म्हणून तें बोलाविलें जाई. १३ एप्रिल १९१९ रोजीं अमृतसर येथें जनरल डायर याच्याबरोबर दोन चिलखती गाड्या होत्या. जालियनवाला बागेकडे जाणारा बोळ अरुंद असल्यामुळें त्या आंत जाऊं शकल्या नाहींत. डायरनें त्या बाहेर ठेविल्या आणि पन्नास रायफलींनीं १६५० गोळ्या झाडविल्या. सरकारी आंकड्याप्रमाणेंच ३७९ माणसें मेलीं. पुढें हंटर समितीपुढें मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड यांनीं त्यास विचारलें कीं, गाड्या आंत जाऊं शकत्या तर यंत्रतोफांचा मारा केला असता काय? त्यानें बहुधा केला असता असें उत्तर दिलें. त्या दिवशींच्या मृतांची संख्या आणखी किती वाढावयाची, हें एका बोळाच्या रुंदीनें ठरविलें. सेटलवाडांचा प्रश्न मुळांत मापाचा होता, आणि त्या मापानेंच डायरच्या मनांतील हेतु उघडा पडला.

त्यानंतर चार वर्षांनीं हिंदुस्थानासाठीं म्हणून खास घडविलेली क्रॉस्ली गाडी आली. तिच्या घुमटाकार बुरुजांत यंत्रतोफा होत्या. येथील उष्णतेंत हवेचे टायर टिकणार नाहींत म्हणून भरीव रबराचीं चाकें होतीं आणि आंतून ॲस्बेस्टॉसचें अस्तर होतें. शिवाय जमावानें गाडीस हात लावूं नये म्हणून बाहेरील पत्र्यांत विजेचा प्रवाह सोडण्याची सोय होती. या शेवटल्या सोयीवर क्षणभर थांबावें. शत्रूचें सैन्य गाडीस हात लावण्यास येत नाहीं. तें दुरून तोफ डागतें. हात लावण्याइतका जवळ येतो तो रस्त्यावरचा, बहुधा निःशस्त्र माणूस. प्रतिकृति करणारा जेव्हां या गाडीचे पत्रे जोडतो तेव्हां तिच्या कर्त्यांस कोणाचें भय वाटत होतें तें त्यास कळून चुकतें.

फेब्रुवारी १९४६ मध्यें नाविकांच्या बंडाच्या पाठोपाठ मुंबईंतील कामगारांनीं संप पुकारला, तेव्हां शहराच्या रस्त्यांवर चिलखती गाड्या फिरल्या आणि गोळीबारांत दोनशेहून अधिक माणसें मेलीं. दोन वर्षांनीं राज्य आपलें झालें होतें. चिलखताचा उपयोगहि पालटला. डफळ्यांचें जत संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील इतर संस्थानांबरोबर मुंबई प्रांतांत विलीन झालें, तें केवळ सह्यांनीं. त्याच वर्षीं १३ सप्टेंबरला जतच्या ईशान्येस, सोलापुरावरून मेजर जनरल चौधरी यांचें सैन्य निजामाच्या हद्दींत शिरलें. या मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ म्हणतात. पण तिच्यांत चौदा-पंधरा टनांचे स्टुअर्ट रणगाडे होते. पहिला प्रश्न उभा राहिला तो नळदुर्गाजवळच्या बोरी नदीवरील पुलाचा. तो शाबूत हातीं आला म्हणून पुढला मार्ग मोकळा झाला, आणि पांच दिवसांत मोहीम आटोपली. रझाकारांच्या जुलुमांतून प्रजा सुटली, हें खरें. आणि पाठोपाठ खेड्यापाड्यांतून निरपराध मुसलमानांची हत्या झाली, हें सुंदरलाल समितीनें नोंदविलेलें वृत्तहि खरें. नांव पोलिसांचें व वजन सैन्याचें, असा तो प्रसंग होता. कागदावर ‘पोलीस कारवाई’ हे दोन शब्द हलके दिसतात. नळदुर्गचा पूल आणि त्यावरून जाणारा रणगाडा एकाच प्रमाणांत शेजारीं ठेवले म्हणजे त्यांचा भार ध्यानांत येतो.

पोलिसांकरितां म्हणून मुद्दाम घडविलेली प्रसिद्ध चिलखती गाडी पाहावयाची तर दक्षिण आफ्रिकेंत जावें लागतें. तेथील ‘कॅस्पीर’ या गाडीचें नांवच तेथील पोलीस दल आणि वैज्ञानिक संशोधन संस्था यांच्या इंग्रजी आद्याक्षरांची उलटापालट करून बनविलें आहे. जमिनींत पेरलेल्या सुरुंगापासून बचाव व्हावा म्हणून तिचा तळ सपाट न ठेवतां नावेसारखा निमुळता केला. स्फोटाचा जोर त्यावर आदळून दोहों बाजूंस फांकतो. ही युक्ति माणसें वांचविणारी, यांत शंका नाहीं. परंतु तीच गाडी वर्णभेदी सरकारनें काळ्या लोकांच्या वस्त्यांत घातली, आणि तेथील लोकांस ती दहशतीचें चिन्ह झाली. पुढें भारतानेंहि या गाड्या घेतल्या. १:३५ या प्रमाणांत कॅस्पीर सुमारे वीतभर होते. फळीवर ठेविलेल्या प्रतिकृतीचा तळ कोणास दिसत नाहीं, म्हणून पुष्कळ हौशी लोक त्याकडे लक्ष देत नाहींत. येथें मात्र तसें करतां येत नाहीं, कारण या गाडीचें सारें सार तळांतच आहे.

तळाचें मोल महाराष्ट्रानें स्वतः मोजलें आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत कामा रुग्णालयाजवळच्या गल्लींत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी मारले गेले, ते साध्या क्वालिस गाडींत बसले होते. तिच्या पत्र्यास गोळी अडविण्याचें बळ नव्हतें. पुढल्या वर्षीं ‘फोर्स वन’ हें दल उभें राहिलें, आणि महिंद्र कंपनीची ‘मार्क्समन’ ही हलकी चिलखती गाडी मुंबई पोलिसांकडे आली. गडचिरोलींत तर १९९० पासून सी-६० हें विशेष पथक काम करीत आले असतां, १ मे २०१९ रोजीं, ऐन महाराष्ट्रदिनीं, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटांत पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक ठार झाले. ते खाजगी वाहनांतून जात होते. ज्या गाडीची प्रतिकृति आपण हौसेनें करतों, तसली गाडी त्या दिवशीं त्यांच्या खालीं नव्हती.

यावर कोणी असें म्हणेल कीं, मग चिलखत चांगलें कीं वाईट तें एकदां सांगून टाका. आमच्या मतें हा प्रश्नच अपुरा आहे. पत्रा गोळी अडवितो. ती कोणी कोणावर झाडली हें त्यास समजत नाहीं. क्रॉस्लीचा पत्रा राज्यकर्त्यांस प्रजेपासून राखीत होता, आणि क्वालिसला पत्रा नव्हता म्हणून प्रजेचे रक्षक गेले. या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासांत बसतात, आणि त्यांतली एक सांगून दुसरी गाळणें हा खोटेपणा होय. म्हणून अशी प्रतिकृति करणारास आमचें सांगणें इतकेंच आहे कीं, त्यानें गाडी एकटी ठेवूं नये. तिच्याभोंवतीं ती ज्या गल्लींत उभी होती ती गल्ली मापानें उभारावी, तिच्या आंत कोण होतें व समोर कोण होतें तीं पांच-पांच सेंटिमीटरांचीं माणसें ठेवावीं, आणि शक्य तर शेजारीं एक साधी, बिनचिलखती क्वालिस ठेवावी. रंग किती हुबेहूब उतरला यापेक्षां पाहणारानें गाडीच्या आंतल्या व बाहेरच्या, दोन्ही माणसांकडे पाहिलें काय, हें अधिक महत्त्वाचें. तसें झालें तर घरांतल्या मुलांच्या हातीं ती गाडी दिल्यानेंहि बिघडणार नाहीं. माणूस आणि गाडी यांचें खरें माप त्यांस लहानपणींच कळेल.