गिरणीकामगारांचा आहार आणि हृदयाचे आरोग्य : एक ऐतिहासिक विचार

कामगाराचा आहार हा त्याच्या चालीरीतींचा किंवा आवडीनिवडीचा विषय होय, अशी एक समजूत रूढ आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाही. माणूस काय खातो याबरोबरच तो केव्हा खातो व कोणाच्या हातचे खातो, हेही तेथे कामाच्या व्यवस्थेनेच ठरविले.

कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली गिरणी १८५६ साली सुरू झाली. त्यानंतर दुपारी अर्धा तास काम थांबविण्याचे बंधन कायद्यात येण्यास १८९१ साल उजाडावे लागले. प्रौढ पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली. मधल्या काळात, १९०५ च्या सुमारास, गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताने आपोआप पडणारी मर्यादाही उरली नाही. जेवणाची वेळ भुकेऐवजी भोंग्याने ठरू लागली.

कोकणातून व घाटावरून आलेले बहुसंख्य पुरुष कुटुंब गावी ठेवून राहत. त्यांच्यासाठी चाळींतील स्त्रियांनी खाणावळी चालविल्या. महिन्याचा पगार उशिरा मिळे. म्हणून जेवणही उधारीवर असे. या संबंधाची खूण भाषेतही राहिली आहे. कामावरील गैरहजेरी तो ‘खाडा’ आणि खाणावळीत न घेतलेले जेवण तोही ‘खाडा’च. एकात मजुरी कापली जाई, दुसऱ्यात जेवणाचे पैसे. श्रम व अन्न यांचा हिशेब एकाच शब्दाने मांडला जावा, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

१९२१ साली स्थापन झालेल्या मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली तयार झालेला तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. कामगारांच्या वाट्याचे धान्य दुष्काळी संहितेतील कमाल मर्यादेइतके, परंतु मुंबईच्या तुरुंग नियमावलीतील प्रमाणाहून कमी भरते, असा त्याचा निष्कर्ष होता. अर्थात तेव्हाचा प्रश्न अपुऱ्या अन्नाचा होता. हृदयविकाराचा विचार पुढे आला, तो अन्यत्र.

जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील वाहतूक कामगारांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून काम करणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळला. तथापि चालकांच्या गणवेशाच्या विजारी कमरेला अधिक रुंद असल्याचे १९५६ साली त्यांनीच दाखविले. त्यामुळे भेद कामाने निर्माण केला की कामावर येणारी माणसेच भिन्न होती, हा प्रश्न उभा राहिला. १९६७ साली सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ पाहणीने तो विचार आणखी पुढे नेला. ब्रिटिश सरकारी नोकरांतील सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयरोगाने होणारे मृत्यू सर्वोच्च श्रेणीच्या साडेतीन पटींहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल इत्यादी कारणे जमेस धरूनही या तफावतीचा निम्म्याहून अधिक भाग अस्पष्टच राहिला.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागांवर कचेऱ्या उभ्या राहिल्या. शरीरश्रम गेले, लांबलेले तास व रात्रपाळ्या मात्र गेल्या नाहीत. आठवड्यास ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांहून सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली नमूद केले. अशा स्थितीत आजाराचा सारा दोष कामगाराच्या ताटावर ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. आहाराच्या अभ्यासकाने ताटातील पदार्थांबरोबर हजेरीपटही वाचला पाहिजे.