सावित्रीचा पूर आणि महाडची वस्ती

नदीकांठच्या गांवाचा इतिहास लिहितांना आपण राजांचीं नांवें, लढाया आणि तह यांची नोंद करतों. नदीची नोंद बहुधा राहून जाते. महाडच्या बाबतींत असें करून चालावयाचें नाहीं. हें शहर सावित्रीनें घडविलें, सावित्रीनेंच पोसलें आणि प्रसंगीं तिनेंच बुडविलें. या तिन्ही गोष्टींचें मूळ एकच आहे. तें ध्यानांत घेतल्यावांचून पुरापासून बचावाचा कोणताहि उपाय पुरा पडणार नाहीं, एवढेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

सावित्री महाबळेश्वरच्या पठारावर सुमारें 4,500 फूट उंचीवर उगम पावते. सह्याद्रीचा कडा उतरून ती पोलादपूरच्या खोऱ्यांत येते आणि तेथून वीसेक किलोमीटरांवर महाड गांठते. इतक्या उंचीवरून इतक्या थोड्या अंतरांत उतरणाऱ्या नदीला पाणी आणावयास वेळ लागत नाहीं. परंतु महाडला तिचा उतार संपतो. खालून बाणकोटच्या खाडींतील भरती दिवसांतून दोनदां महाडच्या परिसरापर्यंत चढते. रायगडाच्या बाजूनें येणाऱ्या काळ आणि गांधारी या नद्याहि याच टापूंत सावित्रीस मिळतात. वरून डोंगराचें पाणी, बाजूनें दोन नद्यांचें पाणी आणि खालून समुद्राचें पाणी, अशी ही तिहेरी गांठ आहे.

याच गांठीनें महाडला बंदर केलें. गलबतें भरतीबरोबर वर येत आणि ओहोटीबरोबर खालीं जात. घाट उतरून आलेले बैलांचे तांडे येथें माल उतरीत. गांवाजवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेणीं हा मार्ग किती जुना आहे याची साक्ष देतात. शिवछत्रपतींनीं रायगडास राजधानी केल्यावर पायथ्याच्या या पेठेचें महत्त्व वाढलें. इंग्रजांनीं 1756 मध्यें बाणकोट व दासगांव मिळविलें, तेंहि या जलमार्गावरील मोक्याच्या जागा म्हणून. 1796 मध्यें नाना फडणिसांनीं पेशवाईचे डाव महाडांतून खेळले, आणि 1802 मध्यें होळकरांकडून पराभव पावलेला दुसरा बाजीराव महाडवरूनच कोंकण किनाऱ्याकडे गेला. पुढें सडका आल्या, मोटारी आल्या आणि बंदर मागें पडलें. गलबतें गेलीं; परंतु तिहेरी गांठ तेथेंच राहिली.

जुन्या काळीं पूर येत नसत असें नाहीं. मात्र पुराला पसरावयास जागा होती. नदीलगतच्या सखल जमिनींत भातखाचरें असत. पाणी त्यांत उभें राही, मागें गाळ ठेवी आणि ओहोटीबरोबर ओसरे. हिशेब साधा आहे. एका हेक्टर खाचरावर एक मीटर पाणी उभें राहिलें, तर तेथें एक कोटि लिटर पाणी सामावतें. तेंच खाचर मुरूम टाकून भरलें व त्यावर इमारत उठविली, म्हणजे तें एक कोटि लिटर पाणी नाहींसें होत नाहीं. तें शेजाऱ्याच्या घरांत शिरतें. रस्त्याचा उंच बांध, रेल्वेचा भराव, नदींत सांठलेलीं गाळाचीं बेटें यांचाहि परिणाम हाच. दासगांवजवळचा रेल्वेचा भराव पुराच्या वाटेंत येतो, ही महाडकरांची तक्रार याच कारणानें उद्भवली आहे.

गेल्या कांहीं वर्षांनीं या हिशेबाची कठोर वसुली केली. 2005 च्या जुलै महिन्यांत महाड बुडालें आणि तालुक्यांतील दासगांव, जुई, रोहन, कोंडिवते येथें दरडी कोसळून अनेक माणसें दगावलीं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीं महाड-पोलादपूर मार्गावरील 1928 सालचा दगडी पूल महापुरांत वाहून गेला आणि एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह नदींत पडल्या. त्या दिवशीं अमावास्या होती. नवा पूल 165 दिवसांत उभा राहून जून 2017 मध्यें खुला झाला. गेलेलीं माणसें मात्र परत आलीं नाहींत. 22 जुलै 2021 रोजीं पुन्हां महापूर आला. 23 तारखेच्या सकाळीं संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरीं सुमारें 594 मिलिमीटर पाऊस पडला. पौर्णिमा जवळ आली होती, म्हणजे खाडीला उधाण होतें. बाजारपेठ पाण्याखालीं गेली. तळिये येथें दरडीखालीं ऐंशींहून अधिक जीव गेले आणि पोलादपूर तालुक्यांतील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंहि मृत्यूनें घाला घातला.

यानंतर सावित्रींतील गाळ काढण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, तें योग्यच झालें. परंतु गाळ हा दरवर्षीं डोंगरावरून येतो. पोलादपूरच्या उतारावरील झाडी तुटली, रस्त्यांसाठीं डोंगराचे पाय कापले, कीं तीच माती खालीं येऊन महाडचें पात्र भरते. वरची धूप थांबविल्याविना खालचा उपसा म्हणजे फुटक्या घागरीनें पाणी भरणें होय.

दुसरा उपाय पूररेषांचा. आपल्या राज्यांत निळी रेषा 25 वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची आणि तांबडी रेषा 100 वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची धरतात. या शब्दांनीं पुष्कळांची फसगत होते. शंभर वर्षांचा पूर एकदां येऊन गेला कीं पुढील नव्याण्णव वर्षें निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाहीं. प्रत्येक वर्षीं त्याची शक्यता शंभरांत एक असते. म्हणजे तीस वर्षें टिकणाऱ्या दुकानास असा पूर गांठण्याची शक्यता सुमारें चारांत एक होते. कोणता व्यापारी अशा अटीवर भांडवल गुंतवील? हॉलंडसारख्या बांधबंदिस्तींत निष्णात देशानेंहि 1993 व 1995 च्या पुरांनंतर केवळ बांध उंच करण्याचा मार्ग सोडला आणि ठिकठिकाणीं बांध मागें हटवून नद्यांना जागा परत दिली.

येथें कोणी विचारील, पिढ्यान्पिढ्यांची पेठ उचलून न्यावी काय? तसें कोणी म्हणत नाहीं, आणि गरिबाला तर दुसरी जागाच नसते. जी वस्ती आहे तिच्यासाठीं महाबळेश्वर व पोलादपूरचा पाऊस आणि भरतीची वेळ यांची सांगड घालून वेळेवर इशारा मिळावा, तळमजल्यावर मौल्यवान माल राहूं नये, आणि भरावांतून पाण्यास पुरेशा मोऱ्या ठेवाव्या. नव्या बांधकामाची गोष्ट निराळी. जें खाचर अद्याप मोकळें आहे, तें मोकळें ठेवण्यास खर्च येत नाहीं. केवळ लोभ आवरावा लागतो.

भरतीच्या पाण्यानें महाडला वैभव दिलें, त्या पाण्याचा हिस्सा तेव्हांच्या वस्तीनें राखला होता. तो हिस्सा आपण राखला, तर पूर येतील आणि ओसरतील, पण गांव राहील.