थांबण्यासाठीचा दोर

दोराने उंच झाडावर चढणे म्हटले की वर्षावन आठवते, पण वर्धा जिल्ह्यात सदाहरित वर्षावन नाही. इथल्या बोर अभयारण्याचे जंगल पानगळीचे, साग-मोह-तेंदूचे. तरीही दोराच्या आधाराने उंच झाडावर जाण्याची विद्या कशी घडते, हे समजून घ्यायला हा मुलूख बरा. इथे झाडावर चढून पोट भरणारे दोन तऱ्हेचे लोक होते आणि त्यांतल्या एकाच्याच कमरेला दोर असे. शिंदीचा रस काढणारा बुंधा आणि आपली कमर मिळून एकच वेढा घालतो, पाय खोडावर रोवतो आणि निर्धास्त मागे रेलतो. भार दोरावर गेला की दोन्ही हात सुटे. मग धारदार कोयत्याने शेंड्याखालचा भाग पातळ तासायचा, खाली मडके अडकवायचे, आणि हे हंगामभर करत राहायचे. आग्या मोहोळ काढणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो बांबूच्या खुंट्या ठोकत, वेलींना धरत, हातापायांच्या बळावर वर जाई. हा फरक धाडसाचा नाही आणि अडाणीपणाचा तर नाहीच. नुसते चढायला दोर लागत नाही, तो लागतो वर थांबायला, आणि ज्याचे काम वर थांबल्याशिवाय होत नाही त्यालाच तो सुचतो.

मोहोळवाल्याला थांबायचे नसे, कारण त्याची रीतच घाईची होती. अंधारी रात्र निवडायची, पेटता टेंभा पोळ्याखाली धरायचा, माश्या होरपळून किंवा ठिणग्यांमागे भरकटून खाली पडल्या की सबंध पोळे कापायचे आणि उतरायचे. वर जितका कमी वेळ, तितके डंख कमी. पोळ्यातल्या अळ्याही मधाबरोबर पिळल्या जात. अंधार, धूर, चावणाऱ्या माश्या आणि एका हाताने धरलेली फांदी, हे सगळे एकत्र आल्यावर माणूस पडला तर त्यात नवल कसले? पण तो पडे त्याचे खापर त्याच्या नशिबावर फुटे, रीतीवर नाही.

गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार हाती घेतला. तेव्हा या दोन्ही धंद्यांकडे शिकल्या-सवरलेल्यांची नजर गेली. गजानन नाईकांनी अशा रसापासून होणाऱ्या ताडगुळाच्या कामाला वाहून घेतले. मधासाठी मात्र मगनवाडीचे उत्तर होते पेटी. पेटीतल्या पाळीव माशीचा मध कोणाला न मारता मिळतो, म्हणून तो अहिंसक. कुमारप्पांना मधमाशीचे इतके अप्रूप की 1945 च्या आपल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकात समूहासाठी झटणाऱ्या अर्थव्यवस्थेचा दाखला म्हणून त्यांनी तिलाच निवडले. पण पेटीत सातपुडी माशी राहते, आग्या माशी राहत नाही. तिला उघड्यावर एकच मोठे पोळे लागते, तेही उंच फांदीला किंवा कड्याला. त्यामुळे पेटीने अहिंसा जमिनीवर आणली आणि झाडावरचा माणूस होता तिथेच राहिला. मगनवाडीच्या एरवी चौकस प्रयोगशीलतेतली ही उणीव मला खटकते.

ती भरून काढणारे कामही वर्ध्यातच झाले. देवेंद्रकुमार यांनी 1976 मध्ये सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्या मोहोळातून माश्या न मारता मध काढण्याची रीत आदिवासी मधसंकलकांना शिकवली. या रीतीचे मूळ पोळ्याच्या रचनेत आहे. मध साठतो फांदीलगत एका टोकाच्या जाड भागात, अंडी-अळ्या उरलेल्या पोळ्यात. तेवढा मधाचा भाग सोडवून बाकीचे पोळे जगवायचे तर नीट दिसले पाहिजे, दोन्ही हात मोकळे हवेत आणि घाई तर मुळीच चालत नाही. म्हणून अंगभर पोशाख, तोंडावर जाळी, टेंभ्याऐवजी धुराडे आणि कमरेला दोर. म्हणजे माशीला जगवायचे ठरले आणि त्या ओघात माणसाच्या जिवाचीही सोय झाली.

यावर कोणी म्हणेल, अहिंसा कसली, हा बाजाराचा प्रताप. अळ्यांसकट पिळलेला मध लवकर आंबतो, स्वच्छ मधाला भाव मिळतो. भाव मिळतो हे खरेच, पण पिळलेला मधही वर्षानुवर्षे विकला जातच होता आणि त्या विक्रीने कोणाच्या कमरेला दोर बांधला नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कोलाम-कोरकू आदिवासींना झाडावर चढायला बाहेरच्यांनी शिकवायचे? चढायला नाहीच. त्यांच्याइतके झाड कोणी ओळखत नाही. कोणती फांदी भार पेलेल हे आजही तेच सांगतात. बदलले ते वरचे काम. कोस्टा रिकाच्या वर्षावनातही हेच दिसते. 1970 च्या दशकात डोनाल्ड पेरी हा जीवशास्त्रज्ञ दोरांवरून झाडांच्या शेंड्यांत पोहोचला, कारण त्याला तिथे तासन्‌तास बसून पाहायचे होते. झाड पाडणाऱ्या लाकूडतोड्याला शेंड्यात थांबायची गरज कधी पडलीच नव्हती.

मोहोळासाठी दोर टाकण्याची पद्धत साधी आहे. बारीक दोरीला वजन बांधून ती फांदीवरून पलीकडे फेकायची, तिच्या मागे जाड दोर ओढून घ्यायचा, मग दोघांनी खालून त्याला लोंबकळून फांदी पारखायची. ती करकरली तर दुसरी फांदी. मध सोडवून डबा दोरानेच हळूहळू खाली येतो. वर अळ्यांचा भाग फांदीला तसाच चिकटून राहतो, माश्या त्यावर परत बसतात, आणि फुलोरा टिकून असला तर कापलेल्या जागी पुन्हा मध भरू लागतो.