पूर वरून दिसतो, पण गळकी पाइप?

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. त्या दिवसांत उपग्रहाचे पूरनकाशे आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. मीही चार ग्रुपवर ढकलले. निळ्या डागात आपलं गाव कुठं येतं, एवढंच बघितलं. या पाण्यानं उद्या आजारी कोण पडणार, हा प्रश्न मला तेव्हा सुचलाच नाही.

प्रश्न तसा जुना आहे. 1854 साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा आला. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी चौकशी केली आणि नकाशा काढला, एका मृत्यूला एक काळी रेघ. नुसत्या रेघांवरून फार काही कळलं नसतं. त्यांनी त्याच नकाशावर पाण्याचे पंपही दाखवले, म्हणून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीची दाटी उघडी पडली. 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला, तेव्हा साथ ओसरायला लागली होती. नकाशा छापून आला तो त्याच्याही नंतर.

पुढं हे काम आकाशात गेलं. 2000 साली रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बंगालच्या उपसागराचं तापमान आणि पाण्याची उंची उपग्रहावरून घेऊन ती बांगलादेशातल्या कॉलऱ्याशी ताडून पाहिली. आता रडारचे उपग्रह आहेत. साधा कॅमेरा पावसाळी ढगांपुढं आंधळा होतो, रडार मात्र ढगातून आरपार बघतं. संथ पाण्यावर पडलेली लहर दुसरीकडंच परावर्तित होते, म्हणून पाणी काळं दिसतं. पण उभ्या उसाखालचं आणि दाट घरांच्या बोळातलं पाणी त्यालाही अनेकदा सापडत नाही. आणि आपल्याकडं ऊस किती, हे सांगायला नको!

त्यात आजार पुरासोबत येत नाही, मागून येतो. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, लेप्टोची साथ त्यानंतर आली. ई प्रकारची कावीळ तर दूषित पाणी पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. तोवर पुराची बातमी शिळी झालेली असते. कावीळ काय करते, हे 2012 साली इचलकरंजीनं भोगलंय.

मग पूरनकाशावर काय हवं? स्नो यांचे पंप. म्हणजे आपल्या विहिरी, बोअर, जॅकवेल, शौचालयांच्या टाक्या आणि गटारीतून गेलेली पाइपलाइन. पुरात पाणीपुरवठा बंद पडला की पाइपमधला दाब जातो आणि गळतीतून घाण आत शिरते. हे वरून कुठलाच उपग्रह सांगणार नाही.

मी आमच्या गावात पाइपलाइनचा नकाशा मागितला. नव्हता. तो आहे पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात, आणि तो पुढच्या वर्षी निवृत्त होतोय.

म्हणून विनंती एकच. पाऊस लागायच्या आधी तुमच्या ग्रामसभेत हा विषय काढा. अशा माणसाला सोबत घेऊन गावभर फिरा, विहिरी आणि गळतीच्या जागा कागदावर उतरवा आणि 2019 च्या पूरनकाशावर ठेवून बघा. टीसीएल पावडर आधी कुठं टाकायची आणि टँकर आधी कुठं पाठवायचा, हे तिथंच कळेल.

स्नो यांचा नकाशा साथीनंतर छापला गेला. आपला तरी आधी तयार असू दे.